डीएसजी गाडी घेतलीय? ट्रॅफिकमध्ये, रॅम्पवर आणि घाटात या चुका टाळा

व्हर्टस जीटी किंवा स्लाव्हियाची दीड लिटर टर्बो डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी, घ्यायची म्हटलं की घरचे, मित्र, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, गिअरबॉक्स टिकेल का? भीती उगाच नाहीये. २०१३ ला पोलो जीटी टीएसआय आली तेव्हापासून आपल्याकडे डीएसजी म्हणजे मेकाट्रॉनिक (गिअर आणि क्लच हलवणारं कंट्रोल युनिट) जाणार आणि सहा आकडी बिल येणार हेच डोक्यात बसलंय, आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनने जगभरातून जवळपास १६ लाख गाड्या याच सात गिअरच्या डीएसजीसाठी परत बोलावल्या होत्या, कारण गरम आणि दमट हवेत आतल्या सिंथेटिक ऑइलमुळे इलेक्ट्रिकल बिघाड होत होता, ते काढून मिनरल ऑइल भरलं गेलं. पण तेवढ्यावरून हा गिअरबॉक्सच वाईट असं म्हणणं मला पटत नाही. ताम्हिणीत एस, म्हणजे स्पोर्ट मोडला टाकून स्टीअरिंगमागचं पॅडल ओढलं की पुढचा गिअर ज्या वेगाने पडतो तसा या पैशात दुसरं काही देत नाही. फक्त तो साध्या ऑटोमॅटिकसारखा चालवायचा नसतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

आधी आत काय आहे ते बघू. यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा तो भाग. मॅन्युअल गाडीत असते तशीच क्लच प्लेट आहे, फक्त एकाऐवजी दोन, आणि क्लच दाबणारा पाय कॉम्प्युटरचा. एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. आपल्याकडच्या या गाड्यांमधला बॉक्स डीक्यू २०० म्हणून ओळखला जातो, त्यातले क्लच ड्राय असतात, म्हणजे थंड करायला ऑइल नाही, जी काय हवा मिळेल तेवढीच. टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि दीड लिटर इंजिन देतं बरोबर २५०. म्हणजे हाफ क्लचवर गाडी रेंगाळली की प्लेट घासणार, तापणार, आणि तुम्हाला पायाखाली काही कळणार पण नाही कारण क्लचचा पेडलच नाहीये.

सगळ्यात मोठी चूक: ब्रेकवर अर्धवट पाय

चाकणला बनलेली गाडी चाकणच्याच तळेगाव चौकात अडकते तेव्हा बघा लोक काय करतात. पुढची गाडी दोन फूट सरकली की ब्रेक थोडासा सोडायचा, गाडी रांगली की परत थोडा दाबायचा, परत सोडायचा, असं अर्धा तास. टॉर्क कन्व्हर्टरला याने काही होत नाही. इथे मात्र ब्रेक हलका दाबलेला असतो तेव्हा कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही निघताय, तो क्लच अर्धवट लावून ठेवतो आणि तुम्ही ब्रेकने त्याला अडवून धरता.

करायचं एवढंच, थांबलात की ब्रेक नीट, पूर्ण दाबा, मग क्लच सुटतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. मग ब्रेक पूर्ण सोडा, अॅक्सिलरेटरला हलका टच द्या म्हणजे क्लच पटकन पूर्ण लागेल, आणि थोडं पुढे जाऊन परत पूर्ण थांबा. पहिला आठवडा अवघड जातं नंतर पाय आपोआप तसाच पडतो.

याच्याच बरोबरीची गोष्ट म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. डी मध्ये बॉक्स पेट्रोल वाचवायला लवकर दुसरा टाकतो, लगेच तुम्ही थांबता, परत पहिला, आणि दर वेळी एक क्लच सुटून दुसरा लागतो. ट्रॅफिक अगदीच मुंगीच्या चालीचं असेल तर लिव्हर मॅन्युअलला घेऊन पहिल्यातच ठेवा. मोकळं झालं की परत डी.

सिग्नलला न्यूट्रल करायचं का हा वाद मला अनावश्यक वाटतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असला की क्लच तसाही मोकळा असतो, मोठा सिग्नल असेल आणि पाय दुखत असेल तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा, छोट्या सिग्नलला गरज नाही. उतारावर मात्र न्यूट्रल अजिबात नको. गिअरमध्ये पाय काढला की इंजिन पेट्रोल तोडतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते द्यावं लागतं, वर इंजिन ब्रेकिंग पण जातं.

चढ, आणि सोसायटीचा रॅम्प

शनिवारी सकाळी बोरघाटात जाम लागलाय, तुमच्या मागे ट्रक, पुढे ट्रक, चढ आहे आणि गाडी मागे जाऊ नये म्हणून तुम्ही अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तिला जागच्या जागी धरलीय. हे ड्राय क्लचसाठी सगळ्यात वाईट. मॅन्युअलवाला असं करताना वास आला की लगेच सावध होतो, इथे वास येईपर्यंत बरंच झालेलं असतं. चढावर गाडी फक्त ब्रेकने धरायची. हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय, दोनेक सेकंदच धरतो, त्यात निघायचं. तेवढं जमण्यासारखी जागा नसेल तर हँडब्रेक वापरा, या गाड्यांना हाताने ओढायचा हँडब्रेक आहे ते चांगलंच आहे.

रॅम्पबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. बेसमेंटमधून वर येताना मध्येच वॉचमनने गेट बंद केलेलं असतं, किंवा समोरून कोणीतरी खाली येत असतं आणि तुम्हाला रिव्हर्समध्ये मागे घ्यावी लागते. रॅम्पवर मागे खाली जाणं ठीक आहे, पण खालून वर रिव्हर्स चढवायची असेल, खांबाला अंदाज घेत, एकेक इंच, तर तो दुसरा क्लच दोन मिनिटांत चांगला तापतो. अशी पार्किंग जागा असेल तर शक्यतो नाक वर करून बाहेर पडता येईल अशी गाडी लावा, आणि रॅम्प रिकामा दिसल्याशिवाय खालून निघूच नका. गेट उघडलंय का आधी बघा, एका दमात वर या.

उतारावर पार्क करताना पण एक सवय लावा. ब्रेक, मग हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, परत ब्रेक दाबून पी. थेट पी मध्ये टाकली की सगळं वजन आतल्या छोट्या खिट्टीवर येतं आणि सकाळी लिव्हर काढताना खाटकन आवाज येतो.

जोरात चालवताना

या बॉक्सची गंमत अशी की पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो, म्हणून शिफ्ट इतका झटपट. पण तो अंदाज बांधत असतो. तुम्ही आरामात डी मध्ये चाललाय, त्याने वरचा गिअर तयार ठेवलाय आणि अचानक तुम्ही ओव्हरटेकला पूर्ण पाय दिलात की त्याला सगळं बदलून खाली यायला वेळ लागतो, आणि दोन लेनच्या रस्त्यावर समोरून एसटी येत असताना तो अर्धा-एक सेकंद फार मोठा असतो. म्हणून बाहेर पडण्याच्या आधीच डावं पॅडल ओढून दोन गिअर खाली या किंवा एस करा, मगच इंडिकेटर देऊन निघा. घाट उतरताना पण तेच, डी त्याच्या सवयीने वरचे गिअर टाकत राहतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

लाँच कंट्रोल, म्हणजे थांबलेली गाडी पूर्ण जोरात एकदम सोडणं, मित्रांना दाखवायला दर रविवारी नको. आणि रिमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, यावर माझं मत ठाम आहे, डीक्यू २०० वर करू नका. बॉक्स आधीच मर्यादेवर चालतोय, वर तुम्ही टॉर्क वाढवणार, वॉरंटी घालवणार आणि मग गिअरबॉक्सला नावं ठेवणार. जास्त पॉवर पाहिजेच असेल तर वेट क्लचची गाडी शोधा, २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस वगैरे, २३० पीएस आणि सहा गिअरचा डीक्यू २५०, त्यात क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. पण त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलावंच लागतं, सेकंड हँड घेताना याचं बिल मागा, तोंडी 'झालंय' ऐकून घेऊ नका. आणि ऑइल त्याच बॉक्ससाठीचं, साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल (एटीएफ) नाही.

काय नॉर्मल, काय नाही

ड्रायव्हरचं दार उघडलं की कुठूनतरी घूंऽऽ असा बारीक आवाज येतो, तो हायड्रॉलिक पंप प्रेशर बनवतोय, घाबरायचं नाही. कमी स्पीडला खराब रस्त्यावर थोडी खडखड, ती पण या ड्राय बॉक्सची जुनी ओळख आहे.

निघताना किंवा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते, आणि ते रोजचं झालंय, तर क्लच ग्लेझ, म्हणजे तापून गुळगुळीत झालेला असू शकतो. आधी अॅडाप्टेशन करून घ्या, म्हणजे स्कॅनर लावून क्लचचा पकडीचा बिंदू परत शिकवतात, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. गिअरबॉक्स तापल्याचा मेसेज आला तर हट्टाने इंचइंच पुढे नेऊ नका, बाजूला घेऊन पी मध्ये टाका आणि थंड होऊ द्या.

डॅशवर गिअरची अक्षरं ब्लिंक व्हायला लागली की गाडीत कुठले गिअर उरलेत ते नीट बघा. रिव्हर्स आणि सम गिअर गेले, फक्त विषम चालतायत, तर त्या दुसऱ्या क्लचची बाजू बॉक्सने स्वतःच बंद केलीय. हे मेकॅनिकला सांगा, त्याचा निम्मा शोध वाचतो. सगळेच गिअर गेले आणि स्कॅनमध्ये पी १७बीएफ किंवा पी १८९सी कोड आला तर हायड्रॉलिक प्रेशरचा घोळ आहे, मेकाट्रॉनिककडे बघावं लागणार. अशा वेळी 'पूर्ण गिअरबॉक्स बदला' म्हणाले तर कोडचा प्रिंट घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवा, कारण प्रेशर साठवणारा अॅक्युम्युलेटर फुटणं हा या बॉक्सचा माहितीतला बिघाड आहे आणि तो दुरुस्त करणारे लोक आहेत. गाडी न्यायची फ्लॅटबेडवरच, दोरी बांधून ओढत नाही.

वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी स्वतःच्या खर्चाने एकदा पूर्ण स्कॅन करून घ्या, जुने साठलेले कोड निघाले तर लेखी तक्रार टाका आणि जॉब कार्डवर ती तशीच लिहून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी मिळत असेल तर इतर कुठल्याही अॅक्सेसरीच्या आधी ती घ्या.