गाऱ्हाणं नेमकं घाला

देवळात गाऱ्हाणं घालणारा ‘सगळ्यांचं भलं कर’ एवढ्यावर थांबत नाही. कोणाचं, काय, कशासाठी, सगळं सांगतो. संकल्पही तसाच लिहावा. ‘यंदा होमस्टे चालू दे’ हे मोघम झालं. ‘३० नोव्हेंबरपर्यंत दोन खोल्या तयार, नाताळात पहिला पाहुणा’ हे मोजता येतं.

डोळे मिटून भरलेल्या खोल्या बघत बसण्यात मात्र धोका आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगांत नुसती सुखचित्रं रंगवणाऱ्यांची धडपड कमी पडलेली दिसली. काम झाल्यासारखं मन सैलावतं. म्हणून चित्र दोनच मिनिटं बघा आणि लगेच त्याखाली सगळ्यात मोठी अडचण लिहा. आपल्याकडे ती बहुधा पाऊसच. गिलावा वाळत नाही, गवंडी भातलावणीला जातो.

आता त्या अडचणीला ‘जर-तर’ जोडा. ही रीत मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडली. ‘जर गवंडी आला नाही, तर त्याच दिवशी दहा वाजता नोंदणीचे कागद घेऊन बसेन.’ इथे बहुतेकांची एक चूक होते: ‘तर’पुढे दुसऱ्याचं काम लिहितात (‘तर भाऊ पैसे पाठवेल’). तिथे स्वतःचीच कृती हवी, तीही १५-२० मिनिटांत सुरू होणारी. अशी वाक्यं एकावेळी दोनच ठेवा. कागद देवघराशेजारी चिकटवा, वहीत नको. आढावा दर संकष्टीला. तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.