केंद्राचं नाव आणि आकडा: कम्युनिटी रेडिओ सुरू करणाऱ्यांसाठी

नागपुरात रेडिओ मिर्ची म्हणजे 98.3, माय एफएम म्हणजे 94.3 आणि विविध भारती म्हणजे 100.6. यांची कॉल साइन, म्हणजे केंद्राला मिळालेली अधिकृत ओळख-अक्षरं, कुणाला ठाऊक नसते. अमेरिकेत दर तासाला कॉल साइन आणि लगेच गावाचं नाव घ्यावंच लागतं. आपल्याकडे ते काम नाव आणि आकडा मिळून करतात, त्यामुळे दोन्ही एकत्र पारखायला हवेत. फ्रिक्वेन्सी हातात आल्याशिवाय जिंगल रेकॉर्ड करू नका.

आधी नाव रोमन लिपीत लिहून अक्षरं मोजा. आरडीएसमध्ये, म्हणजे गाडीतल्या रेडिओच्या पट्टीवर, केंद्राच्या नावाला आठच घरं मिळतात आणि तिथे देवनागरी चालत नाही. 'संत्रानगरी' बारा अक्षरांचं होतं. मग लोक ते सरकवत दाखवतात आणि वर्धा रोडवरच्या ड्रायव्हरला नुसतं 'नगरी' दिसतं. पट्टीवर नाव स्थिर ठेवा. लांबलचक मजकुराला रेडिओटेक्स्टची, म्हणजे आरडीएसमधल्याच वेगळ्या ओळीची, 64 घरं आहेत. 'सावजी' पाच अक्षरांत बसतं, पुढे 904 साठी (म्हणजे 90.4, टिंब गाळून) नेमकी तीन घरं उरतात. पण ऐकणाऱ्याला रस्सा आठवेल, रेडिओ नाही.

आकड्यावर जास्त वेळ घालवा, घोटाळा तिथेच होतो. समजा, 89.6 मिळाली. 'एकोणनव्वद पॉइंट सहा' म्हणताना गाणं पूर्ण उतरलेलं नसेल, तर 'एकोण' संगीताखाली दबतं आणि ऐकणारा 90.6 लावून खरखर ऐकत बसतो. मराठी आकड्यांत एकक आधी येतं आणि बुडतं तेच. म्हणून 'आठ नऊ पॉइंट सहा' असं सुटं म्हणा, नाहीतर सरळ 'एटी नाइन पॉइंट सिक्स'. मराठीचा अभिमान इथे नका आणू. दोन्हींपैकी एकच रीत सगळ्या निवेदकांनी पाळावी. आधी नाव, मग आकडा, आणि आकड्याखाली संगीत नको. पाच-सहा सेकंदांची जिंगल पुरते. ती स्टुडिओच्या मॉनिटरवर पास करू नका; चालत्या ऑटोत, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग 38 (प्रसारण) आणि 41 (मनोरंजन) पाहा, उच्चारसाम्याचा शोधही घ्या. स्पेलिंग बदलून सुटका होत नाही. ऑनलाइन अर्जाला वर्गामागे 9,000 रुपये पडतात; 4,500 ची सवलत व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना आहे, ट्रस्टने ती धरून चालू नये. नोंदणी दहा वर्षं टिकते.

परवानगीच्या करारावर मात्र संस्थेचंच नाव असतं. पत्रव्यवहार आणि जाहिरातीची बिलं त्याच नावाने करा, ब्रँड खाली बारीक टाका.