कॉपर ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढताय? या चुका टाळा

क्षपणाचं (म्हणजे ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढण्याचं) प्रॅक्टिकल पुस्तकात एका ओळीत संपतं, काळं कॉपर ऑक्साइड कोळशाबरोबर तापवा, कोळशातला कार्बन ऑक्सिजन घेऊन जातो आणि तांबं उरतं. प्रत्यक्षात मात्र नळीत शेवटपर्यंत काळंच दिसतं आणि मग पावडरच डुप्लिकेट आहे असं ठरवून सगळे मोकळे. पावडर बहुतेक वेळा ठीक असते हो.

आधी मिसळणं बघा. कोळशाचे खडे तसेच टाकले तर ऑक्साइडला चिकटणार कसे, खलबत्त्यात दोन्ही बारीक घोटायचं. वजनाने साधारण 13 भाग ऑक्साइडला 1 भाग कार्बन हिशोबाने पुरतो, थोडा जास्त घेतला तरी चालतं. पण फारच जास्त झाला तर झालेलं तांबं काळ्यात लपून बसतं, अशा वेळी गार झाल्यावर पाण्यात हलवा, हलका कोळसा वरच्या पाण्याबरोबर ओतून टाका, तळाशी लालसर कण दिसतील. आणि पावडर ओली नको, नळी तडकते.

सगळ्यात जास्त घोळ मात्र शेवटी होतो. लाल दिसलं की घाईघाईने गरम असतानाच कागदावर ओततात आणि बघता बघता ते परत काळं पडतं, कारण गरम तांबं हवेतला ऑक्सिजन लगेच घेतं, म्हणजे केलेलं सगळं काम उलटं. नळी बंद ठेवूनच गार करायची. वायू तपासायला चुन्याची निवळी (कार्बन डायऑक्साइडने पांढरी होते ती) लावली असेल तर आधी वायू नेणाऱ्या नळीचं टोक निवळीतून बाहेर काढा, मग बर्नर बंद करा आणि लगेच रबरी नळीला चिमटा लावा. आधी ज्योत बंद केली तर निवळी मागे ओढली जाऊन तापलेल्या काचेत शिरते. चिमटा तापवताना चुकूनही लावू नका, वायूला जायला वाट हवी. बाय द वे, निवळी पांढरी झाली म्हणजे तांबं झालंच असं नाही, नळीतल्या हवेत नुसता कोळसा जळला तरी ती पांढरी होते.

हायड्रोजनने करणार असाल तर सरांशिवाय नकोच. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला तरी भडका उडू शकतो, म्हणून आधी नळीतली हवा पूर्ण बाहेर घालवायची, मगच तापवायचं, आणि गार होईपर्यंत वायू चालू ठेवायचा. नळीचं तोंड किंचित खाली ठेवा, तयार झालेलं पाणी मागे गरम भागात जायला नको.

आणि हीच ट्रिक मॅग्नेशियम ऑक्साइडवर करून वेळ घालवू नका, त्याची ऑक्सिजनवरची पकड बर्नर आणि कोळशाला सुटणारी नाही. पेपरात क्षपण कॉपर ऑक्साइडचं लिहा, कार्बन क्षपणक (ऑक्सिजन काढून घेणारा), त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं (त्याला ऑक्सिजन जोडला जातो). इथे उलटसुलट लिहून हातातले मार्क जातात.