भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताय? मग होडी कुठे थांबवायची ते आधी ठरवा

‘भिगवणला जाण्याचा उत्तम काळ : नोव्हेंबर ते मार्च.’ एकमेकांचं बघून सगळ्यांनी हेच वाक्य उतरवलंय. त्यावर विसंबून लोक दिवाळीच्या सुट्टीत पोराबाळांना पहाटे उठवून नेतात, लांबवर पसरलेलं निळंशार पाणी आणि चार पाणकावळे बघून परत येतात आणि मग ‘भिगवण ओव्हररेटेड आहे’ म्हणून सांगत फिरतात. भिगवण ओव्हररेटेड नाही. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख, बघायला तिथे जायचं असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि उजनीचं पाणी बघा.

भीमा नदीवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मागे पसरलेल्या यशवंतसागर जलाशयाच्या फुगवट्याला, म्हणजे बॅकवॉटरला, आपण ‘भिगवण’ म्हणतो. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं. फ्लेमिंगोचे पाय कितीही लांब असले तरी तो मान खाली घालून, चोच उलटी करून तळाचा गाळ गाळत खातो. त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण तुडुंब असताना तो भिगवणला काय करणार? कालव्यांना आणि खाली सोलापूरकडे नदीत पाणी सुटायला लागलं की काठ उघडे पडतात, गाळाची बेटं वर येतात आणि मग थवे उतरतात. साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ मला सगळ्यात खात्रीचा वाटतो, पण तोही दर वर्षी सारखा नसतो. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, धरण भरलंच नाही आणि 2024 च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेली. अशा वर्षी मार्चची वाट बघत बसणारा फसतो.

‘मायनस’ ऐकून गोंधळू नका. उजनीत सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी हिशोबात न धरला जाणारा तळाचा साठा, आहे. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची, त्यामुळे आकडा शून्याखाली गेला तरी जलाशयात भरपूर पाणी असतं. सोलापूरकडच्या पेपरांत हा आकडा येत राहतो. तो शंभरावरून चांगला उतरायला लागला की नावाड्याला फोन करा. फोनवर ‘फ्लेमिंगो आहेत का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर बारा महिने ‘आहेत की, या’ असंच येतं. ‘थवा कुठे बसतोय? होडीनं किती वेळ लागेल? काठापासून चिखलातून चालावं लागतंय का?’ हे विचारा. खरोखर पाहून आलेला माणूस याची उत्तरं अडखळल्याशिवाय देतो.

पोचणं सोपं आहे. पुण्याहून सोलापूर हायवेनं भिगवण साधारण 100 किलोमीटर, तिथून डावीकडे कुंभारगाव किंवा डिकसळ, होड्या तिथूनच सुटतात. पहाटे चारला निघा, कारण उशीर झाला की हडपसर ते लोणी हाच प्रवासाचा सगळ्यात मोठा टप्पा होऊन बसतो. रविवार टाळा. मुंबईकरांनी आदल्या रात्री कुंभारगावात घरगुती मुक्कामाची सोय बघावी. नुसते फ्लेमिंगोच बघायचे असतील तर एवढं यायचीही गरज नाही, ठाणे खाडीत ऐरोलीहून बोट मिळते आणि तिथे धाकटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, याहून कितीतरी मोठ्या संख्येनं असतात. भिगवणला यायचं ते मोकळ्या पाण्यासाठी आणि बाकीच्या पक्ष्यांसाठी.

कपडे मळखाऊ रंगाचे, टोपी, जर्किन, पाणी. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण हवीच.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र वाद घालू नका. ‘पाणी कमरेएवढं तर आहे’ असं म्हणणारे असतात. 21 मे 2024 रोजी याच जलाशयात कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. गाळात पाय रुतला की कमरेएवढं पाणीही पुरतं. जॅकेट अंगात घालून बंद बांधायचे, मांडीवर ठेवायचं नाही. नावाड्याकडे जॅकेट नसतील तर दुसरी होडी बघायची. वारा उठायच्या आत, दहा-साडेदहापर्यंत काठावर परत यायचं.

आता मुख्य गोष्ट.

होडी थव्याजवळ कशी न्यायची, हे मला सगळ्यात उशिरा समजलं आणि याबद्दल कुणी धड लिहीतही नाही. सगळे ‘नावाडी जवळ नेतो’ एवढंच लिहितात. नेतो, पण अडचण तिथेच आहे. गिऱ्हाइकाला जवळून फोटो हवा असतो आणि शेवटी थवा उडताना हवा असतो, हे नावाडी वर्षानुवर्षं बघत आलाय. थवा उडाला की लोक खूश होऊन वर बक्षीस देतात. तुम्ही काही बोलला नाहीत तर तोही तेच करणार. त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ही सवय आपल्यासारख्यांनीच लावलीय.

म्हणून होडीत पाय ठेवायच्या आधी, काठावरच बोलून घ्या. मी सरळ म्हणतो, “मामा, मशीन लांबच बंद करा. जवळ नाही नेलं तरी चालेल, पण एक पक्षी उडता कामा नये. नाही उडाला तर वरचे पैसे देतो.” पहिल्यांदा ते हसतात. मग म्हणतात, “समदे तर जवळ घ्या, जवळ घ्या म्हणत्यात.” एकदा पटलं की त्यांच्याइतकी अलगद होडी कुणालाच नेता येत नाही. अहो, आयुष्य मासेमारीत गेलेलं असतं, आवाज न करता पाण्यात सरकायचं कसं हे त्यांना आपण काय शिकवणार!

मशीन निदान 200 मीटरवर बंद व्हायला हवं. पुढे फक्त बांबू. उथळ पाण्यात बांबू तळाला टेकवून होडी रेटता येते, त्याला आवाज होत नाही. त्यातही होडीचं तोंड थेट थव्याच्या मध्यावर धरायचं नाही. आपण दुसरीकडेच कुठेतरी निघालोय अशा तिरक्या रेषेत, थोडं पुढे, थोडं थांबून, असं सरकायचं. सरळ अंगावर येणारी गोष्ट कुठल्याही पक्ष्याला शिकारी वाटते. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, त्यामुळे वळसा घालून थव्याच्या पूर्वेला पोचायचं, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी आणि उजेड पक्ष्यांवर. घाईघाईनं पश्चिमेकडून भिडलेल्यांच्या फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात आणि ते दोष कॅमेऱ्याला देतात.

आता माना बघा. सगळं गणित मानांत आहे. निवांत थव्याच्या माना पाण्यात असतात. पक्षी एका जागी पाय थापटत गोल फिरतात, गाळ ढवळून वर आणतात आणि बदकांसारखा घोगरा कलकलाट अखंड चालू असतो. तुम्ही सरकताय आणि हे असंच चालू आहे, तोवर ठीक. मग कडेच्या दोन-तीन पक्ष्यांच्या माना काठीसारख्या सरळ वर होतात. इथे थांबायचं. ‘अजून थोडं जाऊ’ म्हणायचं नाही. बांबू तळात रोवून होडी स्थिर करायची आणि गप्प बसायचं. माना पुन्हा खाली गेल्या तर हवं असल्यास थोडं आणखी सरकता येतं. न थांबता पुढे गेलात तर सगळा थवा एकाच दिशेला तोंड करून चालायला लागतो. लोकांना हे दृश्य फार सुंदर वाटतं, ‘परेड’ म्हणून रील टाकतात. ती परेड नसते. ते तुमच्यापासून लांब चाललेले असतात. त्यापुढची पायरी म्हणजे पाण्यावर धावत सुटणं आणि उड्डाण. चालायला लागलेला थवा दिसला की होडी मागे घ्यायची.

किती अंतरावर थांबायचं याचा ठरावीक आकडा नाही. शनिवारी दिवसभर होड्यांनी छळलेला थवा रविवारी लांबूनच माना वर करतो, मधल्या वारी तोच जवळ येऊ देतो. तरी 100 मीटरच्या आत शिरायची गरज मला कधी वाटलेली नाही. दुर्बिणीतून त्या अंतरावर चोचीचा काळा टोकदार बाक आणि पिवळसर डोळासुद्धा दिसतो. थव्यात करड्या रंगाची पिल्लं असतात, ती वेगळ्या जातीची नव्हेत. गुलाबी रंग खाण्यातून अंगात उतरतो आणि त्याला काही वर्षं लागतात.

आणि मग बसून राहा. उभं राहायचं नाही, कारण उभ्या माणसाची आकृती पक्ष्याला लगेच खटकते. फोन सायलेंट. लहान मुलं असतील तर चुळबुळीसाठी दुर्बीण त्यांच्या हातात द्या. अर्धा तास होडी हलली नाही तर खाता खाता थवा आपणच जवळ सरकतो. आपण जवळ जाणं आणि त्यांनी जवळ येणं यातला फरक फोटोतही दिसतो.

‘उडाल्याशिवाय पंख कसे दिसणार?’ हा प्रश्न हमखास येतो. पंखांचा तो लाल-काळा रंग बसलेल्या पक्ष्यात जेमतेम डोकावतो, हे खरं. पण थवा स्वतःहूनही उडतो. वरून एखादी शिकारी घार गेली, खाण्याची जागा बदलायची असली, की तुमच्या मदतीशिवाय अख्खा थवा उठतो. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धावत उडतात, त्यामुळे वारा कुठून येतोय ते ओळखून कॅमेरा तयार ठेवा. हाकून उडवलेल्या थव्याचा फोटो नेहमी पाठमोराच येतो. शिवाय सकाळी सातला उडवलेला थवा खोल आत जाऊन बसतो आणि त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या होड्यांना ठिपके बघावे लागतात. या पक्ष्यांचं पोट गाळणीवर चालतं, त्यांना तासन् तास खावं लागतं. प्रत्येक उड्डाण म्हणजे वाया गेलेलं खाणं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राणी हाकणंही आलंय, हे टाळ्या वाजवणाऱ्या काकांना जरूर सांगा. ड्रोनबद्दल तर बोलायलाच नको, ते घरी ठेवा.

परतताना मशीन सुरू झालं की लोक मोबाइलमध्ये घुसतात. हे वाया जाणारं सोनं आहे. काठच्या चिखलात चित्रबलाक, चमचे, शेकाटे असे पक्षी असतात, खांबावर मासा धरून बसलेला कैकर नावाचा शिकारी पक्षी दिसू शकतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस दिसले तर दोन मिनिटं थांबा, ते हिमालय ओलांडून आलेले असतात. होडीमागे येणाऱ्या कुरवांना, म्हणजे सीगलना, फरसाण टाकू नका.

दुपार मोकळी असेल तर जवळच भादलवाडीचा तलाव आहे, तिथल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो, पण तिथे वनखात्याकडे आधी नोंदणी करावी लागते. नुसती गाडी घालून माळ तुडवायचा नाही.

जेवण कुंभारगावातच करा. चिलापी फ्राय, कालवण, भाकरी. चिलापी मूळची आफ्रिकेची, जलाशयात इतकी माजलीय की जाळ्यात मुख्यतः तीच येते, तेव्हा ताटात बिनधास्त घ्या. फक्त जेवणाची ऑर्डर होडीत चढायच्या आधी द्या. परतल्यावर सांगितलंत तर मासे साफ करण्यापासून सुरुवात होते आणि दीड वाजेपर्यंत तुम्ही ठेच्यासोबत कांदा खात बसता.