कंदील-पौर्णिमेचे गोड गोळे
चिनी पंचांगातील पहिल्या पौर्णिमेला कंदील लावण्याची प्रथा हान राजवटीपासूनची, म्हणजे सुमारे २००० वर्षांची मानली जाते; कंदिलांवर कोडी चिकटवून ती सोडवण्याचा खेळ सोंग राजवटीच्या काळात रुजला.

त्या रात्री खाल्ले जाणारे गोड गोळे करण्यासाठी चिकट तांदळाचेच पीठ घ्यावे, आंबेमोहोराचे चालत नाही. काळे तीळ भाजून, कुटून, साखर व लोण्यात मळून सुपारीएवढ्या गोळ्या गार कराव्यात. दक्षिण चीनमध्ये मोदकासारखी पारी करून सारण आत बंद करतात. उत्तरेत मात्र ओली केलेली गोळी कोरड्या पिठात पुन्हा पुन्हा घोळवतात, जे काम चिकाटीचे असल्याने नवख्याने दक्षिणेचीच रीत धरावी. उकळत्या पाण्यात सोडल्यावर गोळे तळाला लागू नयेत म्हणून पळीच्या पाठीने हलकेच ढवळावे आणि ते तरंगू लागले की थोडे गार पाणी घालून पुन्हा उकळी आणावी.