राखेच्या बुधवारची राख कशी करायची आणि कपाळावर का लावायची

दरवर्षी इंदूरच्या आमच्या शेजारच्या काकू विचारतात, अगं हा कुठला अंगारा, उज्जैनला जाऊन आलीस का? म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. राखेचा बुधवार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) घरी आणून क्रुसामागे खोचलेल्या झावळ्या असतात ना, त्या सुकल्या की चर्चमध्ये परत द्यायच्या, राख त्यांचीच होते. येशू यरुशलेमला आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊनच जल्लोष केला होता, आणि आपण तोच जल्लोष जाळतो. मला यात हेच सगळ्यात जास्त लागतं.

जाळताना लोखंडी कढई घ्या, उघड्यावर, बारीक तुकडे करून थोडे थोडेच टाका, नाहीतर भडका उडतो. पार पांढरी होईपर्यंत जाळू नका, कपाळावर दिसतच नाही मग. काळी असतानाच उतरवा, गार झाली की खलबत्त्यात कुटा आणि मलमलच्या फडक्यातून चाळा. पाणी अजिबात नको!! राखेतला क्षार पाण्यात उतरतो, मी एकदा घातलं होतं आणि ट्राय करायला स्वतःलाच लावलं, कपाळ संध्याकाळपर्यंत चुरचुरत होतं. कोरडीच ठेवा, फार तर तेलाचा एक थेंब.

आता अर्थ. अंगारा आपण रक्षणासाठी लावतो, राजवाड्याच्या होळीची राख लावतो ती सणाची, ही राख मात्र कशापासून वाचवत नाही. फादर लावताना म्हणतात, माती आहेस, मातीलाच मिळशील (बायबलमधलं उत्पत्ती हे पुस्तक, 3:19). बायबलमध्ये निनवेचा राजा राजवस्त्र उतरवून राखेत बसला, तसं चूक कबूल करणं आहे हे. ईस्टरच्या 46 दिवस आधीचा हा बुधवार, मधले रविवार सोडले तर उपासकाळाचे 40 दिवस.

कॅथलिक नसलात तरी राख घेता येते, कम्युनियन (मिस्सामध्ये देतात ती पवित्र भाकर) नाही. या दिवशी उपास 18 ते 59 वयाला, म्हणजे एकच पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं काहीतरी, आणि मांस 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांनाच बंद. पोहे चालतात भिया, जलेबीचं तुमचं तुम्ही बघा.

पुसायची की ठेवायची? नियम काही नाही. त्याच दिवशी चर्चमध्ये वाचतात त्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्राच्या पुस्तकात) मात्र उपास करताना तोंड धुवा असं येतं, त्यामुळे राखेचा सेल्फी मला तरी पटत नाही.

उरलेली राख नालीत टाकू नका, मातीत मिसळा. आमच्याकडची मोगऱ्याच्या कुंडीत जाते.