‘क्रिस्प’ कुठे लावावा, कुठे लावू नये

‘क्रिस्प’ म्हटले की इंदूरच्या मराठी घरांत पहिला अर्थ सुचतो तो कुरकुरीत. तो बरोबरच आहे, पण इंग्रजीत हा शब्द हवेला, नोटेला, सदऱ्याला आणि उत्तरालाही लागतो. धागा एकच: ज्यात ओल, ढिलेपणा किंवा अंधुकपणा नाही, ते क्रिस्प.

आधी उच्चार. शेवट ‘स्प’ असा आहे. घाईत त्याचे ‘क्रिप्स’ होते. ‘स्पष्ट’मधला ‘स्प’ घ्या आणि ‘प’वर ओठ मिटून थांबा.

खाण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भाजलेला पापड क्रिस्प: पातळ, कोरडा, पहिल्याच चाव्याला कटकन तुटणारा. शेंगदाण्याची चिक्की मात्र क्रंची. ती चावत राहावी लागते आणि दर चाव्याला आवाज येतो. करंजी खुसखुशीत, म्हणजे तोंडात पापुद्रे सुटणारी. तिला फ्लेकी म्हणावे. इंदूरच्या सराफा बाजारातला गराडू (एक कंद) नीट तळला असेल तर ‘क्रिस्प आउटसाइड, सॉफ्ट इनसाइड’. पोह्यांवर शेव घालता तेव्हा ती क्रिस्प असते. वाफ लागून सादळली की सॉगी. सादळलेले पुन्हा गरम करून कुरकुरीत करणे म्हणजे ‘क्रिस्प अप’. सफरचंदालाही क्रिस्प म्हणतात, पण तिथे कुरकुरीत हे भाषांतर चुकते. ताजे, रसरशीत, दाताखाली कचकन तुटणारे, असा तो अर्थ आहे.

मग क्रिस्पी कधी? मुख्यतः पदार्थांना, त्यातही तळलेल्या-भाजलेल्यांना. ‘क्रिस्पी शर्ट’ किंवा ‘क्रिस्पी आन्सर’ कानाला खटकते. खळ देऊन कडक इस्त्री केलेला सुती सदरा क्रिस्प, कोरी करकरीत नोटही क्रिस्प. पण ‘करकरीत तिन्हीसांजा’ला ‘क्रिस्प ईव्हनिंग’ करू नका. तिथे करकरीतचा अर्थच वेगळा.

‘क्रिस्प मॉर्निंग’ म्हणजे गार, कोरडी, लख्ख सकाळ. माळव्यातल्या डिसेंबरची निरभ्र सकाळ त्यात चपखल बसते. ग्वाल्हेरकडची दाट धुक्याची सकाळ कितीही गार असली तरी क्रिस्प नव्हे, कारण हवेत ओल आहे. बोचऱ्या थंडीलाही हा शब्द नको; त्यात तक्रार आहे आणि क्रिस्पमध्ये प्रसन्नता.

बोलण्याच्या बाबतीत जपून. आपल्याकडे मुलाखतीआधी ‘उत्तरे क्रिस्प ठेवा’ सांगतात, तेव्हा नेमकी आणि आटोपशीर एवढाच अर्थ असतो. पण कथेत एखादी बाई ‘क्रिस्पली’ बोलली असेल, तर तिचा स्वर बहुधा तुटक आणि कोरडा आहे. ‘थोडक्यात सांगितले’ एवढेच लिहिले तर तिचा राग भाषांतरातून गळून जातो. आजूबाजूची वाक्ये वाचून मगच शब्द ठरवा.

छायाचित्र क्रिस्प म्हणजे कडा स्पष्ट असलेले. ‘बर्न्ट टू अ क्रिस्प’ म्हणजे जळून कोळसा, तिथे कौतुक अजिबात नाही. आणि ब्रिटनमध्ये ‘क्रिस्प्स’ हे नाम आहे: आपले पाकिटातले बटाट्याचे वेफर्स. तिथे ‘चिप्स’ मागितलेत तर बटाट्याचे गरम, जाड तळलेले तुकडे समोर येतील.